घेतोस का?

मंडळी, मागच्या आठवड्यात आपल्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला आणि मग तीन दिवस कुणी काही बोललंच नाही. एरवी पहाटेपासून ‘शुभ प्रभात’ आणि गुलाबाची फुलं टाकणारे सगळे गप्प! फोटोत मी आहे. पुण्यात, चिरंजीवांसमोर बसलोय आणि पुढ्यात लाकडी फळीवर सहा छोटे छोटे ग्लास आहेत. त्यांत बिअर आहे. काहींनी चिरंजीवांना खासगीत विचारलं म्हणे, “सरबतच होतं ना रे?” नाही हो, बिअरच होती. पंचाहत्तरीला आलेला निवृत्त मास्तर, अगदी शुद्धीवर असताना काढलेला फोटो आहे तो.

आता एवढं झालंच आहे तर सविस्तर लिहितो. ब्लॉगवाल्या दोस्तांना गंमत वाटेल, नातेवाइकांना काय वाटेल ते वाटो. एका व्यक्तीला मात्र काय वाटलं असेल ते मला कळतं, आणि खरं तर तिच्यासाठीच हे लिहितोय. त्याच्याकडे येतोच.

बिअर तिथेच, समोरच्या काचेमागे स्टीलच्या मोठ्या टाक्यांत तयार होत होती. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, त्यामुळे कसं होतं हे विचारल्याशिवाय राहवेना. तिथला मुलगा हौशी निघाला. जव, म्हणजे आपले सातू, भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, थोडे भाजायचे. मी म्हटलं, अरे थांब, हे तर आमच्या आईचं नाचणीचं सत्त्व! तीही नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायची, सावलीत वाळवायची आणि मंद भाजायची. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते, म्हणून ते सत्त्व किंचित गोड लागायचं. हे ‘माल्ट’ म्हणतात ते एवढंच. पुढे ते गरम पाण्यात मुरवून गोड पाणी काढायचं, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं, गार करून त्यात यीस्ट सोडायचं. (ही वेल भांगेच्या कुळातली आहे, बरं का. शंकराच्या भक्तांनी नोंद घ्यावी.)

पहिला ग्लास गव्हाच्या बिअरचा. नाकाशी नेला आणि मी चक्क विचारलं, “यात केळं कुस्करलंय का?” पिकलेल्या वेलची केळ्याचा वास, मागून लवंगेचा. त्यात केळंही नव्हतं आणि लवंगही नव्हती. हे सगळं त्या जातीच्या यीस्टचं काम. आंबताना ते हे वास स्वतः तयार करतं. दुसरा ग्लास कारल्यासारखा कडू. त्याचं नाव इंडिया पेल एल, पण चव लंडनच्या लोकांची! इंग्लंडहून हिंदुस्थानातल्या साहेबांसाठी येणाऱ्या बिअरीत बोटीच्या लांब प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स जास्त घालत, त्यावरून ते नाव. चौथा ग्लास काळा, करपवलेल्या जवाचा, त्याला कॉफीसारखा खमंगपणा. सहाही मिळून जेमतेम दीड-दोन पेले असतील, आणि मी अर्धे अर्धे सोडले. तास-दीड तास आम्ही नुसते वास घेत आणि बोलत होतो. चिरंजीवांशी मी इतका वेळ सलग बोललो त्याला किती वर्षं झाली कोण जाणे.

तिथेच चिरंजीवांनी सांगितलं की पुण्यात अशी बिअर २००९ साली ‘डूलाली’ नावाने सुरू झाली. हे नाव कुठलं? आपल्या देवळालीचं! नाशिककरांनो, कॉलर ताठ करा. एकोणिसाव्या शतकात देवळालीला गोऱ्या सैनिकांचा तळ होता. मुदत संपलेले सोल्जर तिथे येऊन मायदेशीच्या बोटीची वाट बघत बसायचे. बोटी ठरावीक महिन्यांतच सुटत, त्यामुळे काहींना महिनोन्‌महिने काम ना धाम, वर आपला उन्हाळा. माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागायची. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप! देवळालीचा ताप. पुढे इंग्रजीत डूलाली म्हणजे सरळ वेडा असा अर्थ झाला. चाळीस वर्षं मराठी शिकवली आणि हे मला आपल्याच गावापासून दोन-अडीच कोसांवर असलेल्या नावाबद्दल बिअरच्या दुकानात कळलं.

असो. तर शब्दांवरून आठवलं. आपल्याकडे ‘घेतोस का?’ असं विचारतात. काय घेतोस? कर्म नाही वाक्यात! ‘तो पितो’ म्हटलं की पाणी की दूध असं कुणी विचारत नाही. सकर्मक क्रियापद असून कर्म गाळलेलं, आणि तरी अर्थ साऱ्या गावाला कळतो. दुसरा शब्द ‘दारू’. मोहाची, हातभट्टीची, द्राक्षांची, जवाची, सगळी दारूच. तोफेत भरतात ती पण दारू आणि दिवाळीत उडवतात ती शोभेची दारू. आपल्या भाषेने या विषयाचं तोंडच बघायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. मला वाटतं आपलं बरंच नुकसान इथूनच सुरू झालं.

आता दादांविषयी. माझे मोठे भाऊ १९८४ साली गेले, चव्वेचाळिसाव्या वर्षी. सगळ्यांना आम्ही कावीळ झाली असं सांगितलं. कावीळ झालीच होती, पोटात पाणीही झालं होतं, पण ते कशाने झालं हे घरात चाळीस वर्षांत एकदाही मोठ्याने बोललं गेलेलं नाही. त्यांच्या मुलांसमोर तर नाहीच. आज पहिल्यांदा लिहितोय. दादा बडीशेप फार खायचे, खिशात पुडी असायचीच. एकदा न्हाणीघरात बंबाच्या मागे मला बाटली सापडली. मी ती हातात घेतली, पाहिली, आणि होती तशी परत ठेवली. वहिनींना सांगितलं नाही, आईला नाही, दादांना तर नाहीच नाही. घराची अब्रू! आता वाटतं, निदान ती पडलीय हे मला माहीत आहे एवढं तरी दादांना कळायला हवं होतं. त्यांनी कधी चव घेतली असेल असं मला वाटत नाही. न्हाणीघरात उभ्याने, कडी लावून, घाईघाईने कुणी चव घेत नाही.

म्हणून माझं मत असं आहे की चोरून पिण्याने माणूस लवकर बुडतो आणि आपला कायदा, आपलं घर, दोघंही त्याला चोरूनच प्यायला लावतात. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा अजून आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आलं. तिथे अंधार का असतो कुणास ठाऊक! चंद्रपुरात २०१५ला बंदी आली, २०२१ला उठली. मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, आणि तिथे तर बंदी नव्हती. स्वस्तात स्वस्त आणि जास्तीत जास्त चढणारं हवं असतं तिथे हे होतं. ज्या गावातल्या बायका ‘आडवी बाटली’ला मत देऊन दुकान बंद पाडतात त्यांना मात्र माझा नमस्कार. त्यांना काय भोगावं लागलं ते त्यांनाच माहीत, त्यांच्यासमोर मी केळ्याच्या वासाचं कौतुक सांगणार नाही.

त्या दिवसापासून मी या धंद्याच्या बातम्यांची कात्रणं वहीत चिकटवतोय (सौ. म्हणते आता हेच राहिलं होतं). एक मासला सांगतो. ‘बिरा’ नावाची बिअर २०१५ला आली, तरुण मंडळींत चांगली चालली. मग कंपनीने आपल्या नावातला ‘प्रायव्हेट’ हा शब्द काढला. झालं! नाव बदललं म्हणून राज्याराज्यांत लेबलं नव्याने मंजूर करून घ्यावी लागली, काही महिने विक्री अडली, सुमारे ऐंशी कोटींचा माल निकामी झाला. २०२३-२४चा तोटा ७४८ कोटींच्या घरात. एक विशेषण गाळल्याची एवढी शिक्षा मी कुठल्या विद्यार्थ्याला दिली नव्हती.

पण त्या वहीतली कामाची गोष्ट वेगळीच आहे. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा ‘स्ट्रॉंग’चा, म्हणजे आठ टक्क्यांपर्यंत मद्यांश असणारीचा आहे. चव गेली खड्ड्यात, रुपयाला किती चढते ते बघायचं. बिअर बनवणारे बरीच वर्षं सांगताहेत की जितका मद्यांश तितका कर लावा. त्यात त्यांचा स्वार्थ आहे हे उघड आहे, पण मुद्दा मला पटतो. जून २०२५मध्ये आपल्या सरकारने कडक दारूवरचा कर वाढवला आणि बिअर-वाइनला त्यातून वगळलं, ते त्या दिशेचं थोडंसं पाऊल म्हणता येईल. (हेतू तिजोरी भरण्याचा होता, ते सोडा.) जानेवारी २०२२मध्ये मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय झाला तेव्हा मात्र मी विरोधात होतो आणि आजही आहे. आमच्या नाशिकच्या द्राक्षवाल्यांना राग येईल. पण साबण आणि डाळीच्या शेजारी बाटली ठेवली की तिची भीती जाते, आणि थोडी भीती मला हवी आहे. गंगापूर धरणाजवळ सुलाने २००५मध्ये चव घेण्याची खोली उघडली, तसं असावं. मुद्दाम जावं, बसावं, समजून घ्यावं, घरी यावं.

आता माझंच मत जिथे लंगडं पडतं ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. तेव्हा तब्येतीसाठी घेतो वगैरे कुणी मला सांगू नये, मीही सांगणार नाही. आणि दुसरं, दादांना १९७५ साली कुणी उजेडात बसवून फळीवर सहा ग्लास दिले असते तर? ते वाचले असते असं म्हणायचा मोह होतो. पण प्रामाणिकपणे सांगतो, दादांनी सहाही ग्लास पाच मिनिटांत संपवून सातवा मागितला असता. काही जणांसाठी पहिला घोटसुद्धा नको असतो, त्यांना चवीचं शिक्षण उपयोगाचं नाही, डॉक्टर लागतो आणि घरातलं कुणीतरी तोंड उघडणारं लागतं. ते काम माझं होतं.

चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. ऐंशी पार केलंय त्यांनी, आवाज अजून खणखणीत. म्हणाल्या, “भाऊजी, फोटो पाहिला.” मी गप्प. मग म्हणाल्या, “ह्यांनी एकदा तरी असं आमच्यासमोर बसून घेतली असती...” आणि पुढे बोलल्याच नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, “रविवारी येता ना जेवायला?” जाणार आहे. हा लेख छापून घेऊन जातोय, त्यांना मोबाइलवर वाचता येत नाही. बंबामागची बाटली त्यांना माहीत होती का, तेही विचारणार आहे.

फोटो मी ग्रुपवरून काढलेला नाही.