पहिल्या तासाचं दूध

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची साखर उतरते, यात नवल नाही. यकृतातला साठा मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत भरतो आणि हे बाळ त्याआधीच येतं. त्यात अंग गार पडलं, की ऊब राखण्यातच उरलीसुरली साखर संपते. म्हणून सिरिंज पंपांच्या खरेदीची चर्चा (ती आपल्याकडे चवीने होते) जरा बाजूला ठेवून, बाळ कोरडं करून आईच्या उघड्या छातीशी देणं आणि तासाभरात चीक पाजणं, हे छोट्या रुग्णालयाचं पहिलं काम ठरावं.

३४ आठवड्यांआधीच्या बाळाला चोखणं-गिळणं नीट जमत नाही, हा आक्षेप खरा. पण काढलेलं दूध बोंडल्याने किंवा नळीने देता येतं. आईला दूध कमी पडलं, तर दूधपेढीची वाट मुंबईच्या शीव रुग्णालयाने १९८९ मध्येच दाखवली आहे. ग्लुकोमीटर खालच्या आकड्यांना चुकतो, हेही मान्य. तरी डेसिलिटरमागे ४५ मिलिग्रॅमखालचा आकडा दिसला, की उपचार आधी आणि प्रयोगशाळेची खातरजमा मागाहून. लक्षणांवर विसंबणं त्याहून धोक्याचं, कारण साखर उतरलेली कित्येक बाळं वरून ठीकच दिसतात. फार लहान किंवा आजारी बाळाला मात्र शिरेतून डेक्स्ट्रोज लागतंच. तिथे दुधाचा हट्ट नको.