ऐच्छिक विषय : इच्छा कोणाची?

दहावीचा निकाल लागला की गोंदिया जिल्ह्यातील आमच्या वस्त्यांतून आठ-पंधरा दिवस एकच प्रश्न कानी येतो : "पोराला कुठे टाकायचे?" कोणते विषय घेऊ द्यावयाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जे कनिष्ठ महाविद्यालय जवळ असेल, जेथे थोरला भाऊ शिकला असेल, जेथे एस.टी. थांबत असेल, तेथे मूल जाते. आणि तेथे जे विषय शिकविले जात असतील, तेच त्याचे 'ऐच्छिक' विषय ठरतात. इच्छा वाहतुकीची, सोय संस्थेची, आणि सही मात्र विद्यार्थ्याची. या व्यवहाराकडे आमच्या समाजाने, विशेषतः नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी, डोळे उघडून पाहावे म्हणून हा विषय आज आम्ही हाती घेतला आहे.

विषयाची निवड ही लहान गोष्ट आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी बाबासाहेबांच्या शालेय जीवनाकडे पाहावे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकविण्यास शिक्षकाने नकार दिला, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे बी. ए.लाही इंग्रजीबरोबर फारसी हाच त्यांचा विषय राहिला. कागदावर त्या विद्यार्थ्याने फारसी 'निवडली' होती. शाळेच्या दप्तरात तसेच नोंदले गेले असणार. परंतु ती निवड कोणाची होती, हे आपण सारे जाणतो. पुढे ते स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत शिकले. पालीचा तर त्यांनी शब्दकोश व व्याकरण रचले. ते महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. ज्या माणसाला शाळेने एक प्राचीन भाषा नाकारली, त्याने दुसऱ्या प्राचीन भाषेचा कोश लिहावा, यात त्याचे मोठेपण आहे. शाळेचा त्यात काडीचाही वाटा नाही. प्रत्येक मुलाने बाबासाहेबांइतके असामान्य व्हावे आणि मगच त्याला हवा तो विषय मिळावा, अशी अट कोणतीही न्याय्य शिक्षणपद्धती घालू शकत नाही.

आज कोणताही शिक्षक तोंडावर तसे म्हणणार नाही. तसे म्हणणे हा गुन्हा आहे. परंतु नकाराच्या अनेक तऱ्हा असतात, आणि त्यांतील काही अत्यंत सौम्य भाषेत बोलतात. "या विषयाला शिक्षक मंजूर नाही." "यंदा पुरेशी मुले नाहीत." "तुमच्या मुलाला झेपणार नाही, सोपे घ्या." यांपैकी पहिली दोन कारणे पुष्कळदा खरीही असतात. तिसऱ्याविषयी आम्हांस अधिक बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात बीजगणित-भूमितीच्या जागी 'सामान्य गणित' घेण्याची मुभा होती. हेतू दयाळूपणाचा होता. गणितात नापास होऊन शाळा सोडणारी मुले टिकावीत, असा तो विचार होता. परंतु ज्याने सामान्य गणित घेतले, त्याला पुढे विज्ञान शाखेत गणित घेता येत नसे. चौदा वर्षांच्या मुलाने, बहुधा कोणा वडीलधाऱ्याच्या सांगण्यावरून, एका चौकटीत खूण केली आणि अभियांत्रिकीचा दरवाजा त्याच्यामागे बंद झाला. तो बंद झाल्याचे त्याला दोन वर्षांनी कळे. हा पर्याय नववीच्या वर्गातून २०१७-१८ पासून काढून टाकण्यात आला, हे योग्यच झाले.

परंतु गेलेली वस्तू वेष पालटून परत येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद चर्चेत आली. गणित वा विज्ञानात ३५ गुण मिळाले नाहीत, पण २० मिळाले, तर विद्यार्थ्याला उत्तीर्ण समजावे. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर, पुढे तो हे विषय घेण्यास पात्र नाही, असा शेरा असावा. ज्याला शेरा नको असेल, त्याने पुन्हा परीक्षेस बसावे. या तरतुदीस सरसकट वाईट म्हणावयास आम्ही तयार नाही. केवळ गणितापायी दहावी नापास म्हणून ज्याची शाळा सुटली, त्या मुलाचे दुःख आमच्या वस्त्यांना ठाऊक आहे. धान कापणीला वा विडीच्या सुपापाशी बसलेली अशी मुले व मुली आम्ही पाहिली आहेत. परंतु एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर येणार? ज्याच्या घरी शिकवणी लावण्याची ऐपत आहे, त्याच्या गुणपत्रिकेवर तो येणार नाही. आलाच, तर तो पुन्हा परीक्षेस बसून तो पुसून टाकील. ज्या शाळेत वर्षभर गणिताचा शिक्षक नव्हता, त्या शाळेच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर तो येणार आणि तेथेच राहणार. शिक्षक न देण्याचा दोष शासनाचा, आणि शेरा मात्र मुलाच्या नावापुढे! सवलत आणि हक्क यांतील हा भेद आमच्या समाजाला कोणी नव्याने शिकविण्याची गरज नसावी.

आता भाषांचा विचार करू. राज्य मंडळाच्या विषयसूचीत संस्कृतप्रमाणे पालीही आहे आणि अर्धमागधीही आहे. बुद्धाची वचने ज्या भाषेत जपली गेली, ती भाषा माध्यमिक शाळेत शिकता येते, हे आमच्या पुष्कळ नवदीक्षित कुटुंबांना माहीतही नसते. त्याचे कारणही उघड आहे. बहुतेक शाळांत आठवीत हिंदीसोबत निम्मे संस्कृत घेण्याची सोय असते आणि तिलाच पर्याय म्हटले जाते. पालीला शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाही, आणि विद्यार्थी नाही म्हणून शिक्षक नाही, असे हे चक्र आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे चक्र एकदा तोडले गेले होते. धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ पासून सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि या विषयाला महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणात पाय ठेवावयास जागा मिळाली. आज नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृताचा पदव्युत्तर विभाग आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पाली व प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. म्हणजे वर शिखर आहे, कळसही चढला. खालच्या शाळेत मात्र पायरीच नाही.

संख्येच्या अटीने काय होते, याचे उत्तम उदाहरण २०२५ सालीच आपण पाहिले. एप्रिलमध्ये शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध होताच १७ जूनला सुधारित निर्णय आला : हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर एका वर्गातील किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागावी, म्हणजे शिक्षक मिळेल, नाही तर ती ऑनलाइन शिकविली जाईल. २९ जूनला हे दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निर्णय गेला, पण त्यातील '२०' हा आकडा विसरू नये. पुण्या-मुंबईच्या शाळेत ज्या वर्गात साठ मुले बसतात, तेथे २० ही एक मागणी आहे. देवरी वा सालेकसा तालुक्यातील जंगलाकाठच्या ज्या शाळेत अख्खा वर्गच अठरा मुलांचा, तेथे २० म्हणजे कायमचा नकार. नियम दोघांना एकच. परिणाम मात्र एकाला निवड आणि दुसऱ्याला सक्ती. समान नियमाने समान संधी मिळते, हा भ्रम बाबासाहेबांनी आयुष्यभर खोडून काढला.

अकरावीत तर ही गोष्ट आणखी उघडी पडते. नियमाप्रमाणे इंग्रजी सर्वांना सक्तीची. तिच्या जोडीला आणखी एक भाषा, आणि मग चार ऐच्छिक विषय. दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येते. त्यात गुण अधिक पडतात म्हणून शहरांतील मुले मराठी सोडून त्याकडे धावतात, हा एक वेगळाच प्रकार झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला, वाणिज्य व विज्ञान यांमधील भिंती कठोर असू नयेत असे म्हटले आहे. इतिहासासोबत गणित, भौतिकशास्त्रासोबत अर्थशास्त्र, असे काही तरी त्यात अभिप्रेत आहे. ते वाचावयास फार सुंदर आहे. परंतु ज्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला ही एकच शाखा आहे, तेथे भिंत पाडून पलीकडे काय दिसणार?

कला शाखेला आम्ही हीन लेखतो असा याचा अर्थ कोणी करू नये. बाबासाहेब हे अर्थशास्त्राचे व कायद्याचे विद्यार्थी होते. ज्या मुलीला इतिहासाची वा राज्यशास्त्राची ओढ आहे, तिने तेच शिकावे आणि अभिमानाने शिकावे. आमची तक्रार त्या मुलीविषयी आहे, जिला परिचारिका व्हावयाचे होते आणि जी तालुक्यात जीवशास्त्राचा वर्ग नाही म्हणून कला शाखेत बसली. बी. एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा गणित व जीवशास्त्र अशा दोन गटांत घेतली जाते. बारावीला जो विषय नव्हता, त्या गटाचा मार्ग खुंटतो. गोंदिया शहरात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय असणे आणि जिल्ह्यातील मुलीला तेथवर नेणारा विषय तिच्या तालुक्यात मिळणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. थोडा दिलासा एवढाच की, नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांसही पात्र मानण्याचे ठरविले. गणित घेऊन बारावी झालेल्या आमच्या मुलांना हे कोणी सांगितलेले नसते.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाला. त्यापूर्वी ही पद्धत नागपूर, मुंबई, पुणे अशा मोठ्या शहरांपुरती होती. गोंदियाच्या पालकांना ती नवी आहे, म्हणून दोन शब्द. अर्जात दहापर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथेच प्रवेश घ्यावा लागतो. म्हणून मित्राने भरले तेच आपण भरले, असे करू नये. अर्जात शाखा निवडली जाते, विषयांची नावे पुढे महाविद्यालयात गेल्यावर ठरतात. तेव्हा पसंती लिहिण्यापूर्वीच तेथे जाऊन कोणते विषय प्रत्यक्ष शिकविले जातात, कोणत्या विषयाला शिक्षक आहे, हे विचारून यावे. विचारणे हा पालकाचा अधिकार आहे. आमगाव, सालेकसा हावडा मार्गावर आहेत, सौंदड व अर्जुनी बल्लारशाहच्या मार्गावर. देवरीला रेल्वे नाही, तेथे एस.टी.चाच आधार. बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो, म्हणून "मुलीला रोज कोण पाठवणार" या सबबीतील पैशाचा भाग तरी गळून पडतो. उरलेला भाग घरातल्या पुरुषांचा आहे, आणि त्याचा जाब त्यांनीच द्यावा.

नवदीक्षित कुटुंबांच्या मनात आणखी एक भीती असते. अर्जात धर्म 'बौद्ध' लिहिला तर शिष्यवृत्ती जाईल, असे कोणी तरी त्यांच्या कानांत सांगितलेले असते. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या यादीतही स्थान मिळाले आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती धर्मांतराने जात नाही. हवा असलेला विषय दूरच्या गावी असेल आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. ती अकरावीपासूनच लागू होते. म्हणजे विषयासाठी गाव सोडणे हे अगदीच अशक्य उरलेले नाही.

आमचे मत विचाराल तर आम्ही ते लपवीत नाही. गणित आणि पाली यांत ओढाताण झाली, तर मुलाने आधी गणित सांभाळावे. पाली विहारात, रविवारी, वयाच्या चाळिशीतही शिकता येते. दहावीला सुटलेले गणित चाळिशीत कोणी शिकवीत नाही. हे वाचून काही धम्मबांधव आमच्यावर रुष्ट होतील, त्याला इलाज नाही. परंतु आठवीत जेथे हिंदीसोबत संस्कृत घेता येते, तेथे पालीचीही सोय असावी, यात कोणाचेच काही हिरावले जात नाही. आणि तेथे आपण गप्प राहण्याचे कारण नाही.

याकरिता काम साधे आहे. सातवीच्या परीक्षेआधी, म्हणजे मार्च उजाडण्यापूर्वी, गावातील व शेजारच्या दोन-तीन गावांतील पालकांनी विहारात एकत्र बसावे. एका शाळेत वीस मुले होत नसतील, तर तीन शाळांची मिळून किती होतात ते मोजावे. कोणत्या शाळेत गणिताचे पद रिकामे आहे आणि केव्हापासून, तेही त्याच वहीत लिहावे. मग मुख्याध्यापकांस व जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांस लेखी अर्ज द्यावा, नुसते तोंडी सांगू नये. अर्जात मुलांची नावे, वर्ग आणि हवा तो विषय लिहावा. अर्ज दोन प्रतींत करून एका प्रतीवर पोच, शिक्का व तारीख घ्यावी, आणि ती प्रत विहारातील कपाटात ठेवावी. पुढल्या वर्षी सातवीत येणाऱ्या मुलांच्या आईबापांना ती लागेल.