मापाला शिक्का हवा

१ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २३ रुपयांवरून २६ झालं आणि प्रत्येक रिक्षावाल्याला नव्या दराप्रमाणे मीटर बदलून तपासून घ्यावं लागलं. ही कटकट मला अगदी योग्य वाटते. मागे बसलेल्याला मीटरच्या पोटातलं काही दिसत नाही, म्हणून त्याच्या वतीने सरकारने ते बघायचं. वाण्याच्या काट्यालाही याचसाठी वैध मापन खात्याचा शिक्का लागतो.

जन्माची कमाई ओतून घेतलेल्या घराला मात्र असा शिक्का नाही. फ्रिजवर, एसीवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे असतात, आणि बाजारातून नमुना उचलून प्रयोगशाळेत पुन्हा तपासण्याची सोयही कायद्यात आहे. पण पश्चिमेला भिंतभर काच लावलेल्या आठव्या मजल्यावरच्या खोलीत तो पाच तारे मिरवणारा एसी काय करणार? दुपारभर तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडत राहतात. बिल येतं ते घर बांधणाऱ्याला नाही, त्यात राहणाऱ्याला.

यावरचे नियम लिहिलेले आहेत, आणि चांगले आहेत. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली. मुंबईसारख्या दमट हवेत उघडता येणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या एक षष्ठांश तरी असावं, असंही तिने सांगितलं. २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या निवासी इमारती ऊर्जा संवर्धन कायद्याखाली आणायची वाट मोकळी झाली. पण कायदा केंद्राचा, अंमल राज्याचा आणि बांधकामाची परवानगी महापालिकेची. घरांना तारे देण्याची योजनाही आहे, तीही ऐच्छिक. आणि ते तारे ठरतात हिशेबाने, वापरलेल्या विजेच्या मोजणीने नव्हे. भिंतीत खरोखर कोणता ब्लॉक गेला, काच कागदावरचीच बसली का, हे घर घेणाऱ्याने कसं ओळखावं? घरखरेदीचा ‘रेरा’ कायदा येण्याआधी आपण ‘सुपर बिल्टअप’च्या आकड्याला पैसे मोजत होतो. कायद्याने कार्पेट एरिया करारात लिहायला लावला, तेव्हा कुठे पायाखालची जागा खरी किती ते कळू लागलं. उष्णतेचा आकडाही त्याच करारात यावा आणि भोगवटा प्रमाणपत्राआधी कुणीतरी जागेवर जाऊन तो तपासावा.

तिकिटाचंही तसंच. कागदी तिकिटावर भाडं वाचता येत होतं, बिनसलं तर कंडक्टरशी भांडता येत होतं. आता मेट्रोच्या फाटकावर कार्ड टेकवायचं. आकडा यंत्र ठरवतं. २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्डाची कल्पना मला मनापासून पटते: एकच कार्ड, कुठल्याही शहरात. पण कार्ड बँकेचं, फाटक मेट्रोचं, यंत्रणा तिसऱ्याची. घरून भरलेले पैसे स्टेशनवरच्या यंत्रात अपडेट केल्याशिवाय फाटकावर चालत नाहीत, हे अनेक ज्येष्ठांना फाटकासमोर उभं राहिल्यावरच समजतं. केवळ प्रवासासाठी काढलेल्या प्रीपेड कार्डांत रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३,००० रुपयांपर्यंत ठेवता येतात, आणि ते परत मिळत नाहीत. म्हणजे प्रवासी आधी पैसे देतो आणि हिशेब दुसऱ्यावर सोपवतो.

एसटीत तर सरकारचाच पैसा गुंतला आहे. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट. त्याची भरपाई राज्याने महामंडळाला द्यायची, ती कंडक्टरच्या मशीनमधून निघालेल्या तिकिटांच्या आधारे.

रिक्षाच्या मीटरची तपासणी जशी वेळच्या वेळी होते, तशी या फाटकांची आणि मशीनांचीही ठरलेल्या मुदतीने, कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या माणसांकडून व्हायला हवी. किती चुकीची वजावट झाली, किती तक्रारी आल्या, किती दिवसांत पैसे परत गेले, हे आकडे दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवले जावेत, आणि स्टेशनच्या फलकावरही, मराठीत.