शाळेपर्यंत वाट, महाविद्यालयापाशी भिंत

बंगळूरच्या कोरमंगला भागात ज्योती निवास महाविद्यालय आणि सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या नामवंत संस्था आहेत. या शहरात शिकू इच्छिणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यासाठी नियम स्पष्ट आहे: पारपत्र आणि विद्यार्थी व्हिसा. मात्र याच देशात जन्मलेल्या, पण कोणत्याच देशाची कागदपत्रे नसलेल्या तरुणाने कोणत्या रांगेत उभे राहावे, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

याचे मूळ नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीत आहे. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील बेकायदा स्थलांतरित असतील, तर त्याला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. या तरतुदीखाली जन्मलेली पहिली पिढी डिसेंबर २०२२ पासून वयाची १८ वर्षे पूर्ण करू लागली आहे.

शालेय वयात कायदा उदार आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा विचार करतो. वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारण्यास त्यात मनाई आहे. दिल्लीतील रोहिंग्या मुलांनी प्रथम सरकारी शाळांकडे अर्ज करावा व नकार मिळाल्यास उच्च न्यायालयात जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. चौदाव्या वर्षानंतर मात्र हे कायदेशीर संरक्षण संपते.

सीमेचे रक्षण आणि घुसखोरीला आळा हे शासनाचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती देण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवर घातले आहे. अशा वेळी कागदपत्रे नसलेल्या अर्जदाराला संस्था दारातूनच परत पाठवतील, अशी शक्यता अधिक आहे.

अमेरिकेलाही हा पेच सुटलेला नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये अशा मुलांना शाळा खुल्या केल्या. उच्च शिक्षणाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. टेक्सासने २००१ मध्ये दिलेली शुल्कसवलत जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबली.

भारतात २०११ च्या कार्यपद्धतीनुसार दीर्घकालीन व्हिसा मिळालेल्या निर्वासितांना शिक्षण घेता येते. मात्र ही वाट निर्वासित ठरलेल्यांपुरतीच आहे. सीमा ओलांडण्याचा निर्णय आईवडिलांचा होता; त्याची किंमत येथेच जन्मलेल्या मुलाने किती काळ मोजावी, हे धोरणकर्त्यांना ठरवावे लागेल.