वाटण्यांची जमीन आणि मध्यस्थ

कंग्राळीहून एका वाचकबंधूंचे पत्र आम्हांस आले आहे. वडिलांच्या पश्चात एक एकर शेताच्या चार भावांत वाटण्या झाल्या. बेळगाव शहर आता बांधापर्यंत येऊन ठेपले आहे, प्लॉट पाडणाऱ्यांची विचारणा सुरू आहे आणि चौघा भावांच्या ओसरीवर चार निरनिराळे एजंट येऊन बसतात. ‘यांतला योग्य एजंट कसा ओळखावा?’ असा त्यांचा प्रश्न आहे. तो एकाच घरचा प्रश्न नसल्यामुळे आम्ही त्याचे उत्तर येथेच देत आहोत.

मार्केट यार्डात बटाट्याची पोती घेऊन जाणारा आमचा शेतकरी अडत्याची पारख किती चोख करतो! त्याचा तोल कसा, तूट किती धरतो, पट्टी कधी हाती देतो, हे सारे शेजारीपाजारी विचारून मगच तो गाडी त्याच्या दाराशी लावतो. मुलीच्या विवाहापूर्वी तर तीन रविवार मंदिरात नावे पुकारली जातात. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन एका दुपारच्या चहावर कोणाच्याही हाती सोपविली जाते, याचे आम्हांस नेहमी नवल वाटत आले आहे.

मध्यस्थ कोणाचा माणूस आहे, हे प्रथम ओळखले पाहिजे. बहुधा तो दोन्हीकडून दलाली घेतो, शेकडा एक किंवा दोन. आता विचार करा. तुम्ही जमीन विकणार ती आयुष्यात एकदा. प्लॉट पाडणारा गृहस्थ मात्र त्याच एजंटाकडून पुढेही दहा जमिनी घेणार. मग त्याला सांभाळावयाचे कोण? म्हणून विचारावे, की बाबा, गेल्या दोन-चार वर्षांत तू कोणाकोणाच्या जमिनी विकून दिल्यास? आणि ज्यांनी घेतल्या त्यांच्याकडे नव्हे, तर ज्यांनी विकल्या त्यांच्या घरी जाऊन बसावे. भाव ठरला तेवढा मिळाला का, शेवटचा हप्ता कधी आला, एवढे दोनच प्रश्न पुष्कळ झाले.

परंतु पत्रलेखक बंधूंच्या बाबतीत खरा धोका एजंटाच्या लबाडीत नसून चार एजंट असण्यात आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. समजा, शेत रस्त्यालगत १३२ फूट रुंद व आत ३३० फूट लांब आहे, आणि त्याच्या चार उभ्या पट्ट्या पाडल्या आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला १० गुंठे आले खरे. पण पट्टीची रुंदी उरली ३३ फूट! मंजूर रेखांकनात ९ मीटरांचा रस्ता सोडावा लागला, तर जवळजवळ ३० फूट त्यातच गेले. उरलेल्या तीन-साडेतीन फुटांत घर कसले, गोठाही होणार नाही. आडव्या वाटण्या असतील तर त्याहून वाईट: रस्त्याकडचा भाऊ आधी विकतो, आणि मागच्या तिघांची जमीन वाटेवाचून कोंडते. मग तोच खरेदीदार निम्म्या भावात ती मागावयास येतो. ही गोष्ट एजंटास ठाऊक असते; म्हणूनच तो चौघांपैकी ज्याला पैशाची सर्वांत अधिक नड आहे त्याच्याकडे पहिल्याने जातो. आमच्या परिचयाच्या एका घरी असेच घडले. दोघे भाऊ आज एकमेकांच्या दाराशी जात नाहीत.

तेव्हा चौघांनी मिळून एकच मध्यस्थ नेमावा, अथवा नेमूच नये. पुण्याजवळ हडपसर येथे मगर व इतर शेतकऱ्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. शहर अंगावर येत आहे हे पाहून सुमारे १२० कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन त्याला तितके भाग दिले. तीच आजची मगरपट्टा सिटी. कंग्राळीच्या एका एकरास हे सर्व साधणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एक भाव, एक करार आणि क्षेत्राप्रमाणे पैसा, एवढे चौघांस खचित साधेल.

पत्रात बहिणींचा उल्लेख नाही. आम्ही मुद्दाम विचारतो: बहिणी आहेत काय? आम्हां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पिता वारला, तर पत्नीस एकतृतीयांश मिळते आणि उरलेल्या दोन भागांत मुलगे व मुली समान वाटेकरी असतात. लग्न होऊन गेलेली बहीणही त्यात आलीच. ‘त्यांच्या सह्या मागाहून घेऊ’ असे म्हणणाऱ्या एजंटास पाणी पाजून वाटेस लावावे. पुढे दावा लागला, तर तो दलाली घेऊन मोकळा झालेला असतो.

दुसरी खूण म्हणजे ‘वरचे माझे’. ‘गुंठ्यामागे तुम्हांस अमुक मिळाले की झाले ना? त्यावर मिळेल ते माझे,’ असे जो म्हणतो त्याला खरा भाव तुमच्यापासून लपवावयाचा असतो. दलाली शेकड्याने, लेखी, आणि तीन-चार महिन्यांच्या मुदतीची ठरवावी. तिसरी खूण मुखत्यारपत्राची. धावपळ वाचविण्याच्या नावाखाली सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र मागणारे पुष्कळ आहेत. अशा कागदाने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे; तथापि घोळ मात्र होतो, आणि तो निस्तरणे तुमच्याच माथी येते. शेतकरी नसलेल्यास कर्नाटकात शेतजमीन घेता येत नसे, तेव्हा एजंट लोक नाना आडवाटा सुचवीत. ते बंधन २०२० साली उठले. आता खरेदीदाराचे नाव लपविण्याचे कारणच उरलेले नाही.

‘मी रेरात नोंदलेला एजंट आहे’ असे कोणी सांगितले, तर चांगलेच. नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. पण २०१६ च्या त्या कायद्यातील एजंटाची नोंदणी ही नोंदलेल्या प्रकल्पांतील प्लॉट व घरे विकण्यासाठी आहे. तुमचे कोरे शेत विकताना तिने तुमचे रक्षण होईल असे मानू नये. आणि ‘शेतजमिनीला आयकर नाही’ हेही खरे धरू नये. एक लाखाहून अधिक व दहा लाखांपर्यंत वस्ती असलेल्या शहराच्या हद्दीपासून सहा किलोमीटरांच्या आतील शेतास ती सवलत नाही; बेळगावच्या वेशीवरील कंग्राळी त्या कक्षेत येते.

पत्रलेखक बंधूंनी आधी उताऱ्यावर कोणाकोणाची नावे लागली आहेत ते पाहावे, बोज्याचा दाखला काढावा, आणि हिश्शांची मोजणी होऊन नकाशा झाला आहे की नाही याची खात्री करावी. मग चौघे भाऊ, बहिणी व आई यांनी एका संध्याकाळी एकत्र बसावे. एजंटांपैकी कोणी त्या दिवशी ओसरीवर नसावा. ती बैठक होईपर्यंत कोणत्याही भावाने संचकाराचा रुपयादेखील हाती घेऊ नये. बैठकीत काय ठरले ते त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे.