त्र्यंबकचे ऊन आधी मोजा

सिंहस्थ कुंभमेळ्याचे पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 रोजी आहे, दुसरे 31 ऑगस्टला. ऐन पावसाळ्यात त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर गर्दी लोटेल तेव्हा ब्रह्मगिरी ढगात बुडालेला असेल. सौरदिवे आणि छतावरचे पॅनेल यांची आखणी करणाऱ्यांनी हे पंचांग समोर ठेवायला हवे. त्र्यंबकला विजेची ओढ सर्वाधिक लागणार, त्याच दिवसांत तिथे ऊन सर्वांत कमी पडते.

सोलर बसवणारा सहसा एकच आकडा सांगतो: एक किलोवॉटमागे महिन्याला साधारण 120 युनिट. आकडा खोटा नाही, पण ती वर्षभराची सरासरी आहे. एप्रिलमधली भरभराट आणि श्रावणातली तूट तिच्यात एकमेकींत विरून जातात. शिवाय नाशिक जिल्हा एकसारखा नाही. येवला-नांदगावचा माळ कोरडा, तर त्र्यंबक-इगतपुरीकडे सह्याद्री ढग अडवून धरतो. येवल्याचा पाऊस मोजून कुणी इगतपुरीला धरण बांधत नाही. मग उन्हाच्या बाबतीत जिल्ह्याचा सरसकट आकडा का चालवून घ्यायचा?

ऊन मोजण्याचे यंत्र तसे साधे आहे. काचेच्या दोन घुमटांखाली एक काळी चकती असते. ऊन पडले की ती तापते, आणि चकती व यंत्राचा थंड भाग यांच्या तापमानातल्या फरकातून अगदी सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. तो वाचून चौरस मीटरवर किती वॉट ऊन पडते ते कळते. निरभ्र दुपारी हा आकडा हजाराच्या आसपास जातो. दाट ढगांत शे-दोनशेवर येतो.

देशात या मोजणीचा पाया घातला गेला तो पुण्यात. हवामान खात्याच्या तिथल्या कार्यशाळेत अण्णा मणी यांनी ही उपकरणे भारतातच घडवण्याचा ध्यास घेतला आणि 1957 पासून सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. सौरऊर्जेची बाजारपेठ तेव्हा नव्हतीच. तरीही पुढच्या पिढीला आकडे लागतील हे त्यांनी ओळखले आणि 1980 च्या सुमारास देशभरच्या मोजणीचे ग्रंथ तयार करून दिले. असा दूरवरचा विचार आज तालुक्याच्या पातळीवर हवा आहे.

कारण ऊनही एका जातीचे नसते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने 2009 मध्ये प्रसादालयासाठी 73 सौर तबकड्या बसवल्या. त्यांच्यातून तयार होणाऱ्या वाफेवर हजारो भक्तांचे अन्न शिजते. या तबकड्यांना सूर्याचे थेट किरणच लागतात. ढगांतून पसरून येणारा उजेड त्यांना एका जागी गोळा करता येत नाही. शिर्डी पर्जन्यछायेत असल्याने तिथे हे जमले. त्याच तबकड्या त्र्यंबकच्या अन्नछत्रावर बसवल्या तर पावसाळ्यात पडून राहतील. पॅनेल मात्र ढगाळ हवेतही थोडीफार वीज देतात. म्हणजे थेट ऊन आणि पसरलेले ऊन यांची मोजणी वेगवेगळी हवी.

पॅनेलचा उतारही तितकाच महत्त्वाचा. त्र्यंबक सुमारे 20 अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या भर दुपारीही सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर असतो. अशा वेळी सपाट ठेवलेल्या पॅनेलला थेट उन्हाचा सुमारे 73 टक्के भाग मिळतो, तर दक्षिणेकडे 20 अंश कललेल्याला 92 टक्के. त्यात पश्चिमेला ब्रह्मगिरीची भिंत. गावात सायंकाळचे ऊन मोकळ्या माळापेक्षा लवकर सरते. ही सावली जिल्ह्याच्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून 78 हजार रुपये अनुदान मिळते, उरलेला खर्च घरमालकाचा. मोठा निर्णय घेणाऱ्या या कुटुंबाला आणि पाड्यावर सौरपंप बसवणाऱ्या शेतकऱ्याला जुलै-ऑगस्टचा आकडा वेगळा कळायलाच हवा. त्र्यंबक नगर परिषदेने एखाद्या शाळेच्या गच्चीवर ऊन मोजणारे यंत्र बसवावे, काच रोज पुसण्याची जबाबदारी कुणाकडे तरी नेमून द्यावी आणि दर महिन्याचे आकडे दर्शनी फलकावर लावावेत. सिंहस्थापूर्वीचा येता पावसाळा या मोजणीतून सुटता कामा नये.