माइल्स कोणाच्या खात्यात ठेवावेत?

सदर : प्रवास आणि प्रकृती

परदेशी राहणाऱ्या लेकीकडे किंवा मुलाकडे जायचे ठरले की घरात तयारीला आरंभ होतो. औषधांचा तीन महिन्यांचा साठा, डॉक्टरांची चिठ्ठी, प्रवासविमा, गुडघ्याचा पट्टा, चष्म्याची दुसरी जोडी अशी एकेक गोष्ट आठवून आठवून बांधली जाते. तिकीट काढताना मात्र एक रकाना बहुधा रिकामाच राहतो. तो असतो फ्रीक्वेंट फ्लायर क्रमांकाचा, म्हणजे विमान कंपनीच्या नियमित प्रवाशांसाठी असलेल्या योजनेतील सदस्य क्रमांकाचा. 'आम्ही कुठले नियमित प्रवासी? दोन वर्षांतून एकदा जाणार,' असे म्हणून ज्येष्ठ मंडळी तो सोडून देतात. नाहीतर तिकीट काढून देणारा एजंट जी कंपनी समोर दिसेल तिचे सदस्यत्व घेऊन टाकतो, आणि ते खाते पुढे कोणी उघडूनही पाहत नाही.

आरोग्यविषयक पाक्षिकात या विषयाला जागा द्यावी, असे वाटण्याचे कारण आहे. आईवडील एका देशात आणि मुले दुसऱ्या देशात, अशी आपल्या अनेक कुटुंबांची रचना झाली आहे. अशा कुटुंबात कोणाला कधी तातडीने विमान गाठावे लागेल, याचा नेम नसतो. त्या दिवशी तिकिटाचे दर चढलेले असतात. साठवलेले माइल्स त्या दिवसासाठी खरोखर उपयोगी पडू शकतात. मात्र ते योग्य खात्यात असावे लागतात आणि तोवर जिवंत असावे लागतात.

अलायन्स म्हणजे काय?

जगातील मोठ्या विमान कंपन्यांनी आपापसांत तीन मोठे संघ केले आहेत. त्यांना अलायन्स म्हणतात. १९९७ साली युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, थाय आणि स्कँडिनेव्हियन या पाच कंपन्यांनी 'स्टार अलायन्स' स्थापन केली. एअर इंडिया २०१४ च्या जुलैमध्ये तिच्यात सामील झाली. सिंगापूर एअरलाइन्स आणि टर्किश एअरलाइन्सही याच संघात आहेत. 'वनवर्ल्ड' १९९९ मधील असून ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक या कंपन्या तिच्यात आहेत. २००० साली आलेल्या 'स्कायटीम'मध्ये एअर फ्रान्स, केएलएम आणि डेल्टा आहेत. दुबईची एमिरेट्स मात्र तिन्ही संघांच्या बाहेर आहे, हे लक्षात ठेवावे.

या रचनेतील महत्त्वाची गोष्ट अशी की, विमान एका कंपनीचे असले तरी त्या प्रवासाचे माइल्स त्याच संघातील दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जमा करता येतात. लुफ्तान्साने फ्रँकफर्टमार्गे शिकागोला जाणाऱ्या पुण्याच्या आजी आपले माइल्स लुफ्तान्साकडेच ठेवायला बांधलेल्या नाहीत. ते एअर इंडिया, युनायटेड, एअर कॅनडा किंवा सिंगापूर यांपैकी कोणाकडेही जाऊ शकतात. फक्त एका प्रवासाचे माइल्स एकाच खात्यात जमा होतात. म्हणून निवड प्रवासाआधी करायची असते.

आधी प्रकृती, मग मार्ग, मग योजना

निवडीचा क्रम उलटा होऊ देऊ नये. माइल्स अधिक मिळतात म्हणून दोन ठिकाणी विमान बदलायचा मार्ग पत्करणे, किंवा अमुक अलायन्स हवी म्हणून मध्यरात्री तासाभरात दुसरे विमान गाठायची जोखीम घेणे, हा सत्तरीनंतरचा शहाणपणा नव्हे. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन प्रकल्पाने २००७ मध्ये नोंदवले. एकूण प्रमाण सुमारे ६,००० प्रवाशांत एक इतके लहान आहे. तरी हृदयविकार, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी झालेली गुठळी असलेल्यांनी मार्ग ठरवण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. कोणाला सलग लांबचे उड्डाण सोसते, तर कोणाला मध्ये चार तासांचा विसावा लागतो. तो निर्णय शरीराने द्यावा. मार्ग ठरला की अलायन्स आपोआप ठरते. त्यानंतर त्या अलायन्समधील योजना निवडायची.

पहिली कसोटी : माइल्सची मुदत

वारंवार फिरणारा नोकरदार आणि दोन वर्षांतून एकदा जाणारे आजोबा यांच्या गरजा वेगळ्या आहेत. आजोबांसाठी सर्वांत मोठा प्रश्न मुदतीचा असतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत माइल्स ३६ महिन्यांनी संपतात. लुफ्तान्सा समूहाच्या माइल्स अँड मोअरमध्येही सामान्य सदस्यांसाठी तोच नियम आहे. आता हिशेब करून पाहावा. जानेवारी २०२४ आणि जानेवारी २०२६ असे दोन प्रवास झाले, तर पहिल्या प्रवासाचे माइल्स जानेवारी २०२७ मध्ये जातील. तिसरा प्रवास २०२८ चा. म्हणजे अशा खात्यात दोन प्रवासांहून अधिक शिल्लक कधीच साठणार नाही.

एअर कॅनडाच्या एरोप्लानमध्ये खात्यात १८ महिने काहीच हालचाल झाली नाही तर गुण जातात. थोडीशी हालचाल ठेवली तर ते टिकतात, पण त्यासाठी कोणीतरी तारीख लक्षात ठेवावी लागते. युनायटेडच्या मायलेजप्लस योजनेने २०१९ पासून माइल्सची मुदतच काढून टाकली आहे. क्वचित प्रवास करणाऱ्या ज्येष्ठांसाठी या एका गुणाचे मोल इतर अनेक सवलतींहून जास्त आहे.

दुसरी कसोटी : कुटुंबाला वापरता येतील का?

मुंबई ते फ्रँकफर्ट सुमारे ४,१०० मैल आणि तेथून शिकागो सुमारे ४,३०० मैल. येऊनजाऊन साधारण १७,००० मैलांचा प्रवास होतो. स्वस्त तिकिटावर त्याचे निम्मे किंवा पावच माइल्स मिळाले, तर हाती येतात आठ हजार नाहीतर चार हजार. एवढ्यात लांबच्या प्रवासाचे तिकीट मिळत नाही. आजीआजोबांच्या दोन स्वतंत्र खात्यांत थोडेथोडे पडून राहिलेले माइल्स बहुतेक वेळा वायाच जातात. एकत्र आले तरच ते उपयोगी ठरतात.

म्हणून कौटुंबिक सोय असलेली योजना पाहावी. एरोप्लानमध्ये कुटुंबातील आठ जणांपर्यंत गुण एकत्र करता येतात. युनायटेडनेही २०२४ पासून पाच जणांपर्यंत माइल्स एकत्र करण्याची सोय दिली आहे. असे एकत्र केलेले माइल्स कोणत्या विमानांसाठी चालतात, ही अट मात्र आधी वाचून घ्यावी. क्रिसफ्लायरमध्ये पाच व्यक्तींची नावे नोंदवून त्यांच्यासाठी तिकीट काढता येते. लेक किंवा मुलगा ज्या योजनेत आधीपासून आहे, तिचाच विचार प्रथम करणे म्हणूनच सोयीचे. वर्षातून चार वेळा उडणाऱ्या मुलाच्या साठ्यात आईवडिलांची भर पडली, तर ती ओंजळ वाया जात नाही.

तिसरी कसोटी : रद्द करण्याची मुभा

ज्येष्ठांचा प्रवास कधी ताप, कधी रक्तदाब, कधी घरातले आजारपण यामुळे पुढे ढकलावा लागतो. माइल्सवर काढलेले तिकीट रद्द केल्यास माइल्स परत मिळतात का आणि किती शुल्क पडते, हे विचारून घ्यावे. काही योजनांत उड्डाणापूर्वी रद्द केल्यास माइल्स विनाशुल्क खात्यात परत येतात, काहींत शुल्क द्यावे लागते. माइल्सच्या तिकिटावरही कर भरावे लागतात, आणि काही योजना इंधन अधिभाराची मोठी रक्कम रोखीत घेतात. युनायटेड आणि एरोप्लान असा अधिभार लावत नाहीत. 'फुकट' तिकिटाची खरी किंमत या दोन प्रश्नांनी कळते.

चौथी कसोटी : तिकिटावरचे अक्षर

प्रत्येक तिकिटावर भाड्याचा वर्ग दाखवणारे एक इंग्रजी अक्षर असते. सहप्रवासी कंपनीच्या विमानाचे माइल्स बहुधा अंतर आणि हे अक्षर यांवरून ठरतात. एकाच तिकिटावर एका योजनेत पूर्ण, दुसरीत निम्मे आणि तिसरीत शून्य माइल्स, असेही घडते. प्रत्येक योजनेच्या संकेतस्थळावर याचा तक्ता असतो. तिकीट काढून देणाऱ्या मुलाने दहा मिनिटे काढून तो पाहावा. दोन योजना इतर बाबतींत सारख्या वाटल्या, तर या तक्त्यावरून निवड करावी.

गोल्ड कार्डाविषयीचा गैरसमज

'आमच्या मुलाकडे गोल्ड कार्ड आहे, आम्हाला लाउंजमध्ये बसता येईल,' असे अनेकजण समजून चालतात. स्टार अलायन्सच्या गोल्ड सदस्याला आपल्याबरोबर एकच पाहुणा लाउंजमध्ये नेता येतो, आणि तो पाहुणा त्याच उड्डाणाने जाणारा असावा लागतो. म्हणजे मुलगा सोबत नसेल तर त्याच्या कार्डाचा आईवडिलांना उपयोग नाही, आणि सोबत असला तरी दोघांपैकी एकालाच आत जाता येईल. ही गोष्ट लाउंजच्या दारात कळण्यापेक्षा घरी कळलेली बरी. क्वचित प्रवास करणाऱ्यांनी स्वतः अशा दर्जाच्या मागे लागू नये. त्यासाठी एका वर्षात लागणारा प्रवास त्यांच्या प्रकृतीला मानवणारा नसतो.

कार्डावाचून मिळणाऱ्या गोष्टी

ज्येष्ठांना ज्यांची खरी गरज असते, त्या बहुतेक सोयींचा माइल्सशी संबंध नाही. चालण्याची अडचण असणाऱ्याला व्हीलचेअरची मदत कोणत्याही योजनेचे सदस्य नसतानाही मिळते. ती तिकीट काढतानाच, आणि उशिरात उशिरा प्रवासाच्या ४८ तास आधी सांगून ठेवावी. मधुमेहींचे जेवणही आधी कळवल्यास लांबच्या उड्डाणांत बहुतेक कंपन्या देतात. रोजची औषधे हातातल्या बॅगेत ठेवणे, कडेची आसनजागा मागणे आणि दर थोड्या वेळाने उठून पाय मोकळे करणे यांसाठी कोणतेही कार्ड लागत नाही.

नाव, मोबाइल आणि वारस

योजना निवडल्यावर तीन बारीक गोष्टी सांभाळाव्यात. पहिली नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे येते, कधी ते पहिल्या नावाच्या रकान्यातच असते. योजनेतील नाव आणि तिकिटावरील नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः सारखे नसेल, तर माइल्स जमा होत नाहीत. दुसरी मोबाइलची. खात्याचा ओटीपी भारतातील क्रमांकावर येत असेल आणि ते सिम परदेशात बंद असेल, तर खाते उघडताच येत नाही. खात्याला असा ईमेल जोडावा, जो घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला उघडता येईल. तिसरी गोष्ट बोलायला जड, पण आवश्यक. अनेक योजनांच्या अटींनुसार माइल्स ही सदस्याची मालमत्ता मानली जात नाही, आणि सदस्याच्या निधनानंतर ते वारसांना मिळतीलच असे नाही. म्हणून वय वाढल्यावर माइल्स साठवत बसण्यापेक्षा हातीपायी धड असतानाच ते वापरावेत, किंवा कौटुंबिक साठ्यात घालावेत.

बोर्डिंग पास माइल्स जमा होईपर्यंत फेकू नयेत. प्रवासानंतर महिनाभरात खाते पाहावे. माइल्स राहून गेले असतील तर पासच्या आधारे ते मागता येतात, पण त्यालाही मुदत असते.

हे नियम बदलत असतात. स्कँडिनेव्हियन ही स्टार अलायन्सची संस्थापक कंपनी. तीच २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संघ सोडून स्कायटीममध्ये गेली. तेव्हा कोणत्याही योजनेत आयुष्यभराची ठेव ठेवावी तसे माइल्स ठेवू नयेत. एकाच अलायन्समधले, कुटुंबाने मिळून ठरवलेले एक खाते पुरे.

पुढच्या वेळी मुले सुट्टीला घरी येतील तेव्हा जेवणानंतरचा अर्धा तास यासाठी काढावा. कोणाच्या नावे किती माइल्स आहेत, ते कधी संपतात आणि अचानक निघावे लागले तर कोण कोणासाठी तिकीट काढेल, हे एका कागदावर लिहून काढावे. तो कागद औषधांच्या यादीशेजारीच ठेवावा. रात्री अपरात्री फोन वाजला तर दोन्ही एकाच वेळी लागतात.